घट कुठं गेली?

खुर्चीत बसायच्या आधी आण्णा माझ्या टेबलावर हात झाडायचे. त्याची एक पद्धत होती. टेबलावरचा एखादा रद्दी कागद ओढून घ्यायचा, त्यावर दोन्ही तळहात धरून एकमेकांवर घासायचे, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवायचा, पुडी बांधल्यासारखी कागदाची घडी घालायची, ती माझ्यापुढं सरकवायची आणि मग बसायचं. पुडीत काही नसायचं. फार तर एसटीतली धूळ. पहिल्या वेळी मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुढच्या वेळेपासून ते जिना उतरेपर्यंत मी पुडी टेबलावरच ठेवायला लागलो.

आण्णा हे त्यांचं नाव नव्हे. नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर विट्याच्या आसपासच्या दहा गावांतले लोक त्यांना ओळखतील, आणि मग या गोष्टीतला दुसरा माणूस मी आहे हेही त्यांच्या लक्षात येईल.

आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवर जगतात हे तुम्हाला ठाऊक असेल. जुनं, भेसळीचं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, ही गलाई. त्यासाठी आमची माणसं कुठंकुठं जाऊन बसली आहेत. आण्णांनी मदुराईत चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भट्टीवर काढली. या धंद्यात गिऱ्हाइकानं दिलेलं वजन आणि त्याला परत मिळालेलं वजन यातल्या फरकाला घट म्हणतात. थोडी घट धरलेलीच असते. जास्त आली तर कारागिराच्या घशाखाली घास उतरत नाही. दुकानातली झाडलोट, भट्टीतली राख, फुटक्या मुशी, हात पुसायची फडकी, सगळं वर्षभर साठवतात आणि जाळून, धुऊन त्यातलं सोनं काढतात. आण्णांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं.

"घट कुटं जाती, सायेब? हितंच आसती. बगनाऱ्याला दिसत न्हाई येवडंच."

मी साहेब वगैरे कोणी नाही. विट्यात एका कापडदुकानाच्या वर माझी दहा बाय बाराची खोली आहे आणि मी लोकांची आयकराची रिटर्न भरतो. गिऱ्हाईक बहुतेक गलाईवाले. त्यांच्यात माझं नाव आहे ते एका गोष्टीसाठी. मी हलकं दाखवतो. म्हणजे माणूस कमावतो किती आणि कागदावर किती दिसावं, यातलं अंतर मी फार बेमालूम सांभाळतो. कर बसू नये इतकं कमी आणि बँकेनं हसू नये इतकं जास्त. या कलेचा मला अभिमान होता. होता म्हणतोय, पण पोट अजून त्याच्यावरच चालतं.

आण्णा पहिल्यांदा आले ते मुलाला घेऊन. मुलगा बावीसचा. बापाचा जन्म दुसऱ्याच्या भट्टीवर गेला, त्यानं मदुराईतच स्वतःचं दुकान घातलं होतं. बँकेला रिटर्न हवं होतं. आण्णा पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले, "जरा हलकंच दाखवा, सायेब. समदी दाखवत्यात तसं."

पोरगा हसला. "आवं आण्णा, मग मला लोन बी हलकंच मिळंल की."

आम्ही तिघंही हसलो. चहा मागवला. मी वर्षाला दोन लाख चाळीस हजार लिहिले. पुढच्या पाचही वर्षी दहा-पाच हजारांच्या फरकानं तेच लिहिलं. पोरगा दिवाळीला पेढ्यांचा पुडा आणून द्यायचा आणि जाताना हमखास माझी चेष्टा करायचा, "औंदा तरी मला श्रीमंत करा की, सायेब."

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला म्हणून तो गावी येत होता. कऱ्हाडच्या अलीकडं ट्रकनं गाडीला मागून धडक दिली. लग्न व्हायचं होतं. एकुलता एक. मी मातीला गेलो होतो. त्यानंतर आठवड्यातच आण्णांच्या वकिलाचा फोन आला, भरपाईचा दावा लावायचाय, कमाईचा पुरावा म्हणून मुलाची तीन वर्षांची रिटर्न द्या. मी त्याच दिवशी प्रती काढल्या, शिक्के मारले, पाठवून दिल्या. फी घेतली नाही. आपण काहीतरी चांगलं केलं असं मला तेव्हा वाटलं होतं.

दावा सात वर्षं चालला. मधे आण्णांची बायको गेली. निकाल लागला, विमा कंपनीनं भरपाई भरली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी एके सकाळी आण्णा जिना चढून आले. हात झाडले, पुडी बांधली, बसले आणि पिशवीतनं पासबुक काढून माझ्यापुढं उघडलं.

"सायेब, घट आलीय."

कोर्टाच्या हुकमातली रक्कम आणि पासबुकातली रक्कम यांत एक लाख अडतीस हजारांचा फरक होता. दोन वर्षं त्यांनी तो शोधला होता. बँकेत विचारलं, वकिलाला विचारलं, सांगलीला दोन खेपा झाल्या. शेवटी कुणीतरी सांगितलं, भरपाईवर सात वर्षांचं जे व्याज मिळालं, त्यावर कंपनीनं टॅक्स कापलाय.

"त्यो ट्रकखाली गेला त्येचं पैसं. त्येच्यावर टॅक्स?"

मी म्हणालो, "लागत नाही, आण्णा. कंपनीनं आधी कापून ठेवलाय. रिटर्न भरून परत मागायचा."

"मागायचा म्हंजे मिळतुया?"

"मिळायला हवा."

"मग मागू." त्यांनी पासबुक मिटलं. त्या पैशातला एक रुपया त्यांनी खर्च केला नव्हता. सगळे मुदत ठेवीत होते. मोडक्या खाटेवर झोपायचे आणि विट्याला यायचं तर सकाळच्या एसटीची वाट बघत फाट्यावर उभे राहायचे. मी एकदा म्हटलंही, अहो वापरा की. ते म्हणाले, "माजं आसतं तर वापारलं आसतं. त्येचं हाय. मला फकस्त पुरं पायजे."

ही त्यांची मागणी होती. पैसे नको होते, पुरे पैसे हवे होते. भट्टीपुढं जन्म गेलेल्या माणसालाच यातला फरक कळावा.

मी कॉम्प्युटर उघडला आणि आण्णांच्या नावावर कापलेला कर शोधला. काहीच नव्हतं. त्यांचा पॅनच नव्हता. मग कापलेला कर गेला कुठं? अर्ध्या तासानं सापडला. तो मुलाच्या पॅनवर भरला होता.

आमच्याकडं हे असंच चालतं. घरात पॅन कार्ड एकच असतं, बाहेरगावी धंद्याला गेलेल्या पोराचं. सोसायटीत तेच देतात, सोनाराकडं तेच देतात, ट्रॅक्टर घेताना तेच. त्याच्या झेरॉक्सा घरात देवाच्या फळीवर ठेवलेल्या असतात. भरपाई जमा करताना कंपनीनं पॅन मागितला तेव्हा आण्णांनी फळीवरची झेरॉक्स काढून दिली. म्हणजे सरकारदरबारी नोंद अशी झाली होती, की हा मुलगा मेल्यावर सात वर्षांनी त्याला स्वतःच्याच मरणाच्या भरपाईवर चौदा लाखांच्या आसपास व्याज मिळालं आणि त्यावर त्यानं कर भरला.

मी हे आण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी पासबुक पुन्हा एकदा उघडून पाहिलं. मग म्हणाले, "सरी."

मदुराईची एवढी एकच वस्तू त्यांनी सोबत आणली होती. सरी म्हणजे तिकडं बरं, ठीक. आवडलं तरी सरी, नाही आवडलं तरी सरी. नुसत्या मान हलवण्यावरून ओळखायचं.

कंपनीनं चूक दुरुस्त करावी म्हणून मी तीन पत्रं लिहिली. एका पत्राला उत्तर आलं, आमच्या कागदावर हाच पॅन आहे. मग दुसरी वाट उरली. मुलाच्याच नावानं, त्याचा वारस म्हणून, आण्णांनी रिटर्न भरायचं. त्यासाठी आण्णांचा स्वतःचा पॅन काढायचा. अडुसष्टाव्या वर्षी. आधार जोडायला ठसे घेतले तर एकही बोट उमटेना. तेजाबानं चाळीस वर्षांत बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. सेंटरवरची मुलगी दहाही बोटं पुसून पुसून यंत्रावर दाबत होती, आणि आण्णा तिला धीर देत होते, "दाब, बाय. सोन्यात गेलं आसंल ते. आता कुटं सापडतंय."

शेवटी ठशांऐवजी डोळ्यांच्या स्कॅनवर काम भागलं.

त्यानंतर आयकराच्या साइटवरचं मुलाचं जुनं खातं उघडायचं होतं. मी सांगितलं, "पासवर्ड माझ्याकडं आहे. पण ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाणार. तो नंबर तर बंद झाला असेल. आता अर्ज करावा लागेल, महिना-दोन महिने जातील."

आण्णांनी बंडीच्या आतल्या खिशातनं दुसरा फोन काढला. काचेला तडा गेलेला. माझ्यापुढं ठेवला.

"चालू हाय."

नऊ वर्षं ते त्या नंबरला रिचार्ज मारत होते. स्वतःच्या फोनचा संपला तर चार दिवस तसेच राहायचे, पण हा बंद पडू दिला नाही. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "रोज सकाळी सोन्याचा भाव येतोय त्येच्यावर. त्येच्या धंद्यातल्या पोरांचा ग्रुप हाय. मी वाचतो. काय न्हाई, आपलं वाचतो."

मी बटण दाबलं. टेबलावर तो फोन थरथरला. आण्णांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. सहा आकडे. मी ते टाइप केले आणि खातं उघडलं. पडद्यावर वर पोराचं नाव आलं, त्याच्या आधी 'सुस्वागतम'.

मुदत उलटून गेली होती म्हणून उशीर माफ करावा असा अर्ज करायचा होता. त्याला मुलाची जुनी रिटर्न जोडावी म्हणून मी ती छापायला लावली. प्रिंटर माझ्या पाठीमागं होता. आण्णाच उठले, निघतील तसे कागद गोळा करायला लागले आणि तिथंच उभे राहून बघायला लागले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आकडा येत होता.

"सायेब, हे दोन लाख चाळीस हजार काय हाय?"

"त्याचं वर्षाचं उत्पन्न."

"वर्षाचं?" ते कागद घेऊन खुर्चीकडं आले. "येवडं तर त्यो दुकानाच्या भाड्याला देत हुता. महिन्याला सत्तर हजार सुटत हुतं त्येला. मला पाठवत हुता न्हवं."

मी प्रिंटर बंद करायला वळलो.

"कोर्टात हेच कागद लावलं?"

"हो."

"मग त्येंनी ह्येच्यावरनंच धरलं आसंल. पोरगा किती किमतीचा हुता ते."

अशा दाव्यात असंच धरतात. माणूस वर्षाला किती कमवत होता, अजून किती वर्षं कमवत राहिला असता, त्यातलं स्वतःवर किती उडवलं असतं, याचा गुणाकार-भागाकार करून रक्कम ठरते. खरी कमाई कागदावर असती तर भरपाई तिपटीच्या वर गेली असती. नऊ वर्षांपूर्वी शिक्के मारून मी जे कागद तत्परतेनं पाठवले, ते मुलाच्या बाजूचे म्हणून पाठवले, आणि समोरच्या वकिलाचं सगळं काम त्या कागदांनीच केलं. हे मला त्या दिवशी कळलं असं नाही. मला ते निकाल लागला तेव्हाच कळलं होतं. मी फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

आण्णांनी कागद टेबलावर सरळ लावले, कडा जुळवल्या.

"मग घट हितं हाय," ते म्हणाले. "मी उगं कंपनीला शिव्या घालतोय."

पंखा फिरत होता. खाली दुकानात कुणीतरी साड्यांचा भाव करत होतं.

"हलकं दाखवा म्हनून मीच म्हनलो हुतो, व्हय न्हवं, सायेब?"

मी मान हलवली. ती हलवायला नको होती. खरं हे आहे, की ते बोलले नसते तरी मी तेच लिहिलं असतं. सगळ्यांचं तेच लिहितो. पण त्यांनी स्वतःहून सगळा दोष उचलला आणि मी तो त्यांना उचलू दिला. आयुष्यात मी बरंच काही केलंय ज्याची मला लाज वाटत नाही. त्या मान हलवण्याची वाटते.

"सरी," ते म्हणाले. "आता जेवडी निगतीया तेवडी काडू."

पुढं दीड वर्ष ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आले. बाजारहाटाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, ते फक्त याच कामासाठी यायचे. हात झाडायचे, पुडी, "काय म्हनतंय टॅक्सचं खातं?" मी म्हणायचो, अजून विचारात आहे. "सरी." कधी शेतातला हरभरा आणायचे. माझी बायको म्हणायची, किती जीव लावतात हो तुम्हाला. मला तो हरभरा गिळवायचा नाही.

अर्ज मंजूर झाला, रिटर्न भरलं, आणि एके दिवशी त्या तडा गेलेल्या फोनवर संदेश आला. आण्णा तो दाखवायला आले. इंग्रजीत, मुलाचं नाव घेऊन, प्रिय अमुक, तुमचा परतावा खात्यात जमा केला आहे. सगळे एक लाख अडतीस हजार, वर उशिराबद्दल थोडं व्याज. त्या व्याजावर मात्र कर लागतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"निघाली," मी म्हणालो. "पुरी निघाली, आण्णा." मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, सुटलो.

पुढच्या सोमवारी ते वर्तमानपत्रात बांधलेलं बंडल घेऊन आले. टेबलावर ठेवलं.

"हे भरायचं हाय."

"कुठं?"

"सरकारात. त्येची खरी कमाई लिवा, सायेब. महिन्याला सत्तर हजार. सा वर्षांची. त्येचा जो काय टॅक्स बसंल तो ह्यातनं भरा. कमी पडला तर ठेव मोडतो."

मला वाटलं, त्यांना भरपाई वाढवून हवी आहे. मी समजावलं, केस संपली, अपिलाची मुदत गेली, आता काही वाढणार नाही.

"कोन मागतंय वाडवून?" त्यांचा आवाज चढला नाही. "पोरगं गेलं, त्येची आई गेली, मी जाईन. मागं ऱ्हानार काय, तर ह्यो कागद. त्येच्यावर त्यो भिकारी हाय. त्यो भिकारी न्हवता, सायेब. तुमी बी बगितलाय त्येला. आपुन दोगांनी लिवलंय ते. आपुन दोगं हाय तवर खोडू."

कर चुकवायला आलेली माणसं मी हजारांनी पाहिली. कर परत मागायला आलेली पाहिली. मेलेल्या पोराचा कर भरायला आलेला माणूस मी एकच पाहिला, आणि त्याला मला सांगावं लागलं, "आण्णा, इतकी जुनी वर्षं आता उघडत नाहीत. मुदत संपली. कॉम्प्युटर घेतच नाही."

"घेत न्हाई म्हंजे? मी मागत न्हाई. देतोय."

"तरी घेत नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग कॉम्प्युटरकडं. खात्री करून घ्यावी तसं. मी जागा सोडली, खुर्ची वळवली, ती जुनी वर्षं पडद्यावर काढून दाखवली. बदल करायची सोय कुठंच नव्हती. आकडा मात्र दिसत होता. दोन लाख चाळीस हजार.

या खेपेला ते सरी म्हणाले नाहीत. बंडल पिशवीत घातलं, जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. ते गेल्यावर मी टेबलाकडं पाहिलं. पुडी नव्हती. त्या दिवशी त्यांनी हात झाडलेच नव्हते.

नंतर ते आले नाहीत. पावसाळा संपता संपता गेल्याचं कळलं. पुतण्यांनी ठेवी वाटून घेतल्या, त्यात भांडणं झाली, ती तशीच चालू आहेत. मुलाच्या नंबरवर मी एकदा फोन लावून पाहिला. कशाला लावला ते विचारू नका. हा नंबर सेवेत नाही, असं एक बाई मराठीत आणि मग इंग्रजीत म्हणाली.

तेव्हापासून मी एक केलं. गलाईचं नवं पोरगं रिटर्नला आलं आणि "जरा हलकंच दाखवा" म्हणालं, की मी विचारतो, वडील आहेत का? हायत की, म्हणतं. मग त्यांना घेऊन ये, मी सांगतो. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आकडा लिहिणार नाही.

पोरगं बापाला घेऊन येतं. बाप समोरच्या त्याच खुर्चीत बसतो. मी त्याला आण्णांची सगळी हकीकत सांगतो, नाव वगळून. तो मन लावून ऐकतो, चुकचुकतो, पोराकडं एकदा बघतो. मग खुर्ची जरा पुढं ओढतो आणि हळू आवाजात म्हणतो, "वाईट झालं. पर तुमी आमचं हलकंच दाखवा, सायेब. समदी दाखवत्यात तसं."